आमचा कीपर आणि गोलमागची माणसं

रविवारी दुपारी साडेतीनला मी दुकानाचं शटर ओढते. फुलांच्या धंद्यात रविवारची दुपार सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला घरच्यांपासून शेजारच्या नारळवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. लग्नसराईत गिऱ्हाईक शटरवर थापा मारून परत जातं. जाऊ दे. वडीलही असंच करायचे आणि त्यांनाही लोक हेच सांगायचे. आमचा मळा अकोल्याच्या बाहेर, दुकान बाजारात, आणि दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे चाचांचं गाद्यांचं दुकान. चाचांचं घराणं पिढीजात कापूस पिंजणारं. आता पिंजायचं मशीन आलंय, तरी चाचांच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसलेलेच असतात. वडील गेले, त्यानंतर काही आठवड्यांनी एका रविवारी चाचा माझ्या दुकानापुढे येऊन उभे राहिले.

"चाल बेटा," ते म्हणाले. "मॅच आहे. तुह्या बापाची जागा रिकामी राहून राह्यली. मले बरं नाही वाटत."

मी गेले. बाईमाणसाचं फुटबॉलच्या मैदानावर काय काम, असं सुरुवातीला एकदोघांनी बोलून पाहिलं. माझं तोंड त्यांना माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर पुन्हा कोणी बोललं नाही.

वडिलांची ती जागा गोलमागे होती. आमच्या मैदानावर बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. मंडपात पाहुणे, दोन्ही बाजूंच्या रेषांवर बाकीचं गाव, आणि आमच्या गोलमागे आम्ही पंधरा-वीस जण. आमचा म्हणजे, आमचा कीपर ज्यात उभा असेल तो गोल. लोक गोल होताना पाहायला जातात, आम्ही वाचताना पाहायला जातो. हाफटाइमला कीपर बाजू बदलतो तसं आमचं बिऱ्हाडही उठतं. सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या, खाऱ्या शेंगदाण्यांची पिशवी आणि चाचांची छोटी गादी घेऊन आम्ही अख्खं मैदान ओलांडतो आणि पलीकडच्या गोलमागे जाऊन बसतो. चाचांच्या गुडघ्यांना जमिनीवर बसणं सोसत नाही, म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही जाड गादी शिवली आहे. एकदा तिच्यावर बसले की शिट्टीपर्यंत ते उठत नाहीत. एकदा मैदानात म्हैस शिरली होती, आम्ही सगळे पळालो, चाचा बसूनच होते.

आता कीपरबद्दल. तो खिडक्यांना आणि दुकानांच्या शोकेसना काचा बसवतो. चांगली माणूसभर उंचीची काच दोन्ही हातांत धरून भर बाजारातून, हातगाड्या आणि ऑटोंच्या मधून तो चालत जातो, आणि त्याच्या हातून काच सुटलेली मी तरी ऐकलेली नाही. बॉल मात्र सुटतो. हे आधीच सांगून टाकते, कारण परगावच्या माणसाला वाटतं की आम्हाला ते दिसतच नाही. आम्हाला सगळं दिसतं. आम्ही त्याच्या पाठीमागे बसतो.

एकदा त्याने उंच आलेला बॉल फार सुरेख झेलला. मग बुटाची लेस सुटलेली दिसली, म्हणून बॉल शेजारी ठेवून लेस बांधायला बसला. शिट्टी झालेली नव्हती. समोरच्या संघाचा फॉरवर्ड आला, त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, आणि बॉल हळूच आत सारला. त्यालासुद्धा लाज वाटली असावी. दुसऱ्या एका मॅचमध्ये बॉल लांब फेकायला त्याने हात मागे नेला आणि बॉल मागेच निसटून आमच्या जाळ्यात गेला. दोन पायांच्या मधून गेलेल्यांची तर गणतीच सोडा. असं झालं की गोलमागून एकच आरोळी उठते, "अबे, काच समज नं त्याले!"

मग ठेवता कशाला त्याला, असं कोणीही विचारील. त्याचं उत्तर मैदानावर येऊन पाहावं लागतं. आमची जमीन काळी, कापसाची. पाणी आटलं की तिला भेगा पडतात आणि गोलसमोर तर ढेकळंच ढेकळं होतात. बॉल जमिनीला लागला की कुठे उसळेल ते बॉलला तरी माहीत असतं की नाही कोण जाणे. मॅचच्या आदल्या संध्याकाळी कीपर स्वतः बादली घेऊन येतो आणि भेगा बुजवतो, पण त्या पुन्हा उघडतातच. अशा जागी मी त्याला डावीकडे पडलेला असताना, बॉल ढेकळाला लागून उजवीकडे वळल्यावर, पडल्यापडल्या पाय फिरवून तो बाहेर काढताना पाहिलं आहे. दोन हातांच्या अंतरावरून शूट केलेला बॉल छातीवर घेऊन, श्वास अडकलेला असताना, हसताना पाहिलं आहे. आमच्याकडे सोपा बॉल आला की शेंगदाणे हातातच राहतात आणि अवघड आला की आम्ही निवांत शेंगदाणे खातो. असा कीपर दुसरीकडे कुठे मिळेल, मला सांगा.

पण मी त्याच्यावर जीव टाकते तो यासाठी नाही. त्याची एक सवय आहे. गोल झाला की तो उठतो, बॉल जाळ्यातून काढतो आणि सगळ्या मैदानाकडे तोंड करून उजवा हात सरळ वर करतो, वर्गात हजेरी द्यावी तसा. माझी चूक, एवढाच त्याचा अर्थ. बॅक चुकला असला तरी करतो. बॉल कोणाच्या पाठीला लागून वळला तरी करतो. एरवी आमच्याकडे हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं. नळाला आठ दिवस पाणी येत नाही, सगळे हात वर करतात. रस्ता खणून ठेवतात, त्यात माझी स्कूटी पडते, आणि तो कोणी खणला याचा पत्ता लागत नाही. असल्या गावात एक माणूस दर रविवारी चारचौघांपुढे, शिव्या खात, माझी चूक म्हणून उभा राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गोल झाल्याचं दुःखच झालं नाही. मी त्या हाताकडे पाहत राहिले.

त्याला सगळ्यांत जास्त शिव्या चाचा देतात. त्यांच्या शिव्या उर्दूत सुरू होतात, वऱ्हाडीत शिरतात आणि कीपरच्या आजोबांपर्यंत जाऊन परत येतात. आणि त्याच्या कोपरांना, खुब्यांना बांधायला कापूस भरून जाड पट्ट्या शिवून देतात तेही चाचाच. काळ्या कडक जमिनीवर पडून त्याची हाडं सोलपटून निघायची, ते यांना पाहवलं नाही. दर सीझनला जुना कापूस काढून नवा भरतात. तोंडाने शिवी आणि हाताने टाका, असं दोन्ही एकाच वेळी चाललेलं मी माझ्या दुकानातून पाहते.

शिव्यांखेरीज चाचांचे दोन शब्द आणखी आहेत. निंघ आणि थांब. कीपरचं खरं दुखणं हात नाहीत, मन आहे. बॉल पुढे टाकला गेला की धावत बाहेर पडावं की गोलमध्येच थांबावं, हे त्याला ठरवता येत नाही. अर्धा बाहेर, अर्धा आत असा तो लटकतो. गादीवर बसलेल्या चाचांना मागून अख्खं मैदान दिसतं. कधीतरी त्यांनी ओरडायला सुरुवात केली आणि कीपर ऐकू लागला. "निंघ!" म्हटलं की तो मागे न पाहता सुटतो. "थांब!" म्हटलं की खिळतो. किती गोल असे वाचले, ते चाचा मोजून सांगतात. किती असेच झाले, ते मी सांगते.

"अर्ध्या चुका तुमच्या आहेत, चाचा," मी म्हणते.

"आन् अर्धे वाचले थे कोणाचे?" चाचा विचारतात.

यावर आमचं दर रविवारी भांडण होतं आणि सोमवारी सकाळी ते मिटवायला चाचा चहा पाठवतात.

मग आमचा संघ अमरावतीच्या स्पर्धेत फायनलला पोचला, समोर त्यांचाच संघ. त्या फायनलच्या आधी मात्र गोष्ट भांडणावारी नेण्यासारखी राहिली नाही. आमच्या संघाचे सेक्रेटरी किराणा दुकानदार आहेत, माणूस वाईट नाही, पण त्यांना कप हवा होता. आमच्या संघाने तो बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी नागपूरहून एक तरुण कीपर बोलावला आणि बाकावर बसवायचं ठरवलं. फायनल जुन्याने खेळायची. त्याने घोळ घातला तर तिथेच नवा उतरेल आणि पुढच्या सीझनलाही तोच राहील. सेक्रेटरींनी हे कीपरच्या तोंडावर सांगितलं. निदान पाठीमागे केलं नाही.

त्याच आठवड्यात कीपर माझ्या दुकानात काच बसवायला आला. फुलं ठेवायच्या कपाटाची काच तडकली होती. त्याने नवी काच बसवली. मग हात पुसत म्हणाला, "ताई, यायनं काढलं तर मी दुसऱ्या टीममधी नाही जाणार."

"काहून? चार टीम आहेत गावात," मी म्हणाले.

"मले कोण घेईन? मी चुकतो हे साऱ्या जिल्ह्याले मालूम आहे. तुमीच ठेवून घेता मले." मग काचेवरचा एक डाग त्याने बाहीने पुसला. "आठवडाभर काचा बसवतो, कोणाले दिसतही नाही मी. रविवारी चुकतो, पण सारे पाहतात तरी."

 मला रडू यायला लागलं की राग येतो. मी त्याला दोन पुडे शेवंती देऊन घरी पिटाळलं.

फायनलला आम्ही भाड्याचा टेम्पो करून गेलो. मूर्तिजापूरला चहा झाला. नागपूरचा कीपर संघाबरोबर पुढच्या गाडीत होता. चहाच्या टपरीवर मी त्याला पाहिलं, उंच, गोरा, नवे कोरे हातमोजे. पोरगा चांगला होता, आमच्या कीपरला वाकून नमस्कार केला त्याने. मला तेही आवडलं नाही.  चाचा टेम्पोत मांडीवर ती गादी घेऊन बसले होते आणि तिचा कोपरा दाबत होते.

अमरावतीच्या त्या मैदानाला एका गोलमागे कडुनिंबांची रांग आणि थोडा उंचवटा आहे. ऊन टळटळीत, त्यामुळे जो तो तिथेच. आम्ही आमच्या सतरंज्या टाकल्या आणि आमच्या चारी बाजूंना अमरावतीकर बसले. माणसं दिलदार. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना सावली दिली, गिला वडा खाऊ घातला. पहिल्या हाफला आमचा कीपर त्याच बाजूला आला.

सुरुवात बरी झाली. चाचांचा आवाज लागला. निंघ म्हटलं, तो निघाला, बॉल पायावरून उचलला. थांब म्हटलं, थांबला, शूट पोटात घेतलं. आमच्या शेजारचे अमरावतीकर चाचांकडे वळून वळून पाहायला लागले. त्यांच्यात टोपी घातलेला एक जाडा माणूस होता, लाऊडस्पीकर गिळल्यासारखा आवाज. तो थोडा वेळ ऐकत राहिला, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहिला. मला वाटलं, शेंगदाणे चावतोय.

पुढच्या वेळी त्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन एका बाजूने आला. आमचे दोन बॅक त्याच्यावर होते. कीपरने थांबायला हवं होतं, आणि चाचांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या आधी टोपीवाला ओरडला, अगदी चाचांच्याच खर्जात, चाचांच्याच हेलात.

"निंघ!"

कीपर सुटला. मागे पाहायची त्याला सवयच नव्हती. फॉरवर्डने तो येताना पाहिला आणि बॉल त्याच्या डोक्यावरून अलगद आत टाकला.

कडुनिंबाखाली हलकल्लोळ झाला. टोपीवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. मैदानात कीपर उठला, बॉल काढला, आणि हात वर केला. त्याला अजून कळलं नव्हतं काय झालं ते. त्याला वाटलं, चाचांचंच चुकलं असेल, आणि चाचांचं चुकलं तरी हात याचाच.

त्यानंतर सगळ्या उंचवट्याला खेळच सापडला. दहा जण निंघ ओरडत, दहा जण थांब. चाचांचा खरा आवाज त्यात कुठल्या कुठे बुडाला. कीपर दोन पावलं पुढे, तीन मागे, पुन्हा पुढे. सारी माणसं पोट धरून हसत होती. मी टोपीवाल्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तो माझ्यापुढे हात जोडून हसतच होता. हसणार नाही तर काय, बुद्धी चालवली होती त्याने. दुसरा गोल कसाबसा वाचला, खांबाने वाचवला.

हाफटाइमची शिट्टी झाली. आम्ही बिऱ्हाड उचललं, आणि आमच्या मागोमाग ते अमरावतीकरही उन्हाची पर्वा न करता उठले. त्यांना आता ही मजा सोडायची नव्हती. पलीकडच्या गोलजवळ सेक्रेटरी उभे होते, आणि बाजूला नागपूरचा कीपर हातमोजे चढवत जागच्या जागी उड्या मारत होता.

आमचा कीपर जाळ्याजवळ बाटलीतून पाणी पीत होता. सेक्रेटरी त्याच्याकडे निघाले. तेवढ्यात चाचांनी गादी जमिनीवर टाकली, पण तिच्यावर बसले नाहीत. वाकून त्यांनी गादीच्या कोपऱ्याची शिवण दातांनी तोडली, बोटं आत घातली आणि कापूस ओढून काढला. धुतल्यासारखा पांढरा, चाचांनी स्वतःसाठी निवडून ठेवलेला. त्याचे दोन बोळे केले.

"इकडे ये," ते कीपरला म्हणाले.

तो आला. चाचांनी जाळ्यातून हात घालून एक बोळा त्याच्या एका कानात कोंबला.

"आता कोणाचंच ऐकू नको," चाचा म्हणाले. "माहंही नको."

मग त्यांनी दुसरा बोळा दुसऱ्या कानात कोंबला. कीपरने मान हलवली, नाही म्हणून. कापूस काढायला हात वर नेला. चाचांनी त्याचा हात धरून खाली केला.

मला माहीत होतं ते काय देऊन टाकत होते. चाचांना मुलगा नाही, मुली लग्न होऊन अकोटला आणि चांदूर रेल्वेला. आठवडाभर ते मशीनच्या घरघरीत बसतात, कोणी त्यांचं ऐकत नाही, कोणी ऐकावं असं कोणाला वाटतही नाही. रविवारी त्यांनी एक शब्द टाकला की पाठमोरा उभा असलेला दणकट माणूस बाणासारखा सुटतो. ते सुख त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या कानात बोळ्यासारखं कोंबून बंद केलं.

सेक्रेटरी थबकले होते. चाचा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "थोडा वेळ दे त्याले. चुकला त काढ. मग मी नाही अडवणार."

सेक्रेटरींनी नागपूरच्या कीपरला हाताने थांबायची खूण केली.

दुसरा हाफ सुरू झाला आणि आमच्या मागे अमरावतीकरांनी आवाज लावला. निंघ, थांब, निंघ. कीपर आपला गोलमध्ये शांत उभा, दोन्ही कानांतून पांढरे बोळे डोकावताहेत. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं. टोपीवाल्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अबे, त्यानं तं कानातच कापूस घातला!" ते हसले, पण या वेळचं हसू निराळं होतं.

कापसामुळे त्याला रेफ्रीची शिट्टीही ऐकू येईना. एकदा खेळ थांबलेला असताना हा झेप घेऊन बॉल अडवून बसला आणि रेफ्रीने जवळ जाऊन खांद्याला हात लावल्यावर उठला. एकदा आपल्याच बॅकवर आदळला. पण ठरवायला लागला. हळू, स्वतःचं स्वतः. एक बॉल आला तेव्हा तो अर्ध्या वाटेत लटकतो की काय असं वाटलं आणि माझ्या नखांनी माझाच तळवा सोलला, पण तो गेला, पूर्ण गेला, आणि बॉल छातीशी घेऊन पडला. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. मग आमच्या एका पोराने कॉर्नरवरून हेड मारला आणि बरोबरी झाली.

आणि चाचा? चाचा ओरडतच होते. निंघ! थांब! अरे थांब बावा! त्याच जोरात, गळ्याच्या शिरा ताणून.

"चाचा, त्याले ऐकू नाही येत," मी म्हणाले.

"मालूम आहे मले. माह्याच हातानं कोंबला नं." ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले. "पण मले सांगाच लागते, बेटा."

बरोबरीतच खेळ संपला आणि टायब्रेकर लागला. गोल आमच्याच पुढचा निवडला गेला. मी देव फारसे मानत नाही, पण त्या वेळी ओळखीच्या सगळ्यांना आठवून घेतलं. चाचांचे ओठही हलत होते. आमच्या कीपरने एक पेनल्टी अडवली, ती अशी की अमरावतीकरांतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. पण आमच्या दोघांनी बॉल बाहेर मारले. शेवटी असं झालं की त्यांच्या कॅप्टनने पुढची मारली तर कप त्यांचा.

कॅप्टन आला. कीपर ज्या बाजूला झेपावला, ती बाजू बरोबर होती. पूर्ण आडवा, लांब, कोपरावरच्या पट्टीची शिवण उसवलेली मला दिसली. बॉल वरच्या कोपऱ्यात, दांडीला घासून जाईल असा मारला होता. कीपरच्या बोटांची टोकं त्याला लागली, बॉल किंचित हललाही, आणि आत गेला. जगातल्या कोणाच्याही हातून तो वाचला नसता.

सगळं मैदान उसळलं. आमच्या आजूबाजूचे अमरावतीकर धावत आत गेले. कीपर काळ्या मातीत पडून होता. मग तो उठला, बॉल जाळ्यातून काढला, सगळ्या मैदानाकडे वळला आणि त्याने उजवा हात वर केला.

"हात खाली कर!" चाचा ओरडले.

त्याला ऐकू गेलं नाही.

"अबे, हात खाली कर! हे तुही चूक नाही!"

तो तसाच उभा, पाठमोरा, हात वर. चाचांनी दोन्ही तळवे गादीवर टेकले आणि उठायचा प्रयत्न केला. गुडघे जमेनात. मी एका बाजूने धरलं. दुसऱ्या बाजूने एक हात आला, तो टोपीवाल्याचा होता. तो आत धावला नव्हता. आम्ही दोघांनी चाचांना उभं केलं. मी जाळं उचलून धरलं आणि चाचा खालून वाकून गोलमध्ये गेले. इतकी वर्षं मी त्यांना गोलच्या मागे पाहत आले, आत कधी पाहिलं नव्हतं.

ते कीपरच्या पाठीमागे गेले. त्याचा वर गेलेला हात त्यांनी मनगटाला धरून खाली ओढला. तो दचकून वळला. त्याचे डोळे भरलेले होते. चाचांनी त्याच्या एका कानातला बोळा काढला आणि त्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून नाही, साध्या आवाजात सांगितलं.

"हे तुही नव्हती. त्यानं चांगला मारला."

कीपर त्यांच्याकडे पाहत राहिला. चाचांच्या तोंडून त्याने आजवर काय काय ऐकलं होतं, पण हे ऐकलं नव्हतं. त्याने चाचांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि रडला. चाचा त्याच्या पाठीवरची माती झटकत होते, गादी झटकावी तशी. मी जाळं धरून उभी होते आणि मलाही रडू येत होतं, आणि टोपीवाला मला पाण्याची बाटली देत होता, ती मी रागाने घेतली.

सेक्रेटरी तिथेच होते. नागपूरच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याला म्हणाले, "माफ कर बाबू, तुले फुकट आणलं. कीपर आहे आमच्यापाशी." पोरगा हसून मान हलवून गाडीकडे गेला. मग मलाही तो आवडला.

परतीच्या टेम्पोत कप नव्हता, तरी कोणी गप्प बसलं नाही. चाचांनी काढलेला कापूस परत गादीत भरला आणि माझ्याकडून सुई मागून, हलत्या टेम्पोत, कोपरा शिवून टाकला. फुलवालीच्या पिशवीत सुई असतेच.

नव्या सीझनची पहिली मॅच अकोल्याला होती, आमच्या मैदानावर. कीपरने आदल्या संध्याकाळी भेगा बुजवल्या होत्या. कानात कापूस नव्हता. आम्ही सतरंज्या टाकल्या, चाचा गादीवर बसले. थोड्याच वेळात समोरून एक बॉल आला, इतका मऊ की माझ्या आजीने लाथ मारली असती तर जास्त जोरात आला असता. कीपर खाली वाकला, बॉल त्याच्या दोन पायांच्या मधून गेला आणि जाळ्याला टेकून थांबला. 

कीपर उठला. आमच्याकडे, चाचांकडे, त्याने एकदा पाहिलं. मग बिचकत बिचकत उजवा हात अर्धा वर केला.

चाचा गादीवरून हलले नाहीत.

"पूरा वर कर!" ते ओरडले. "हे तुहीच होती!"

कीपर हसायला लागला, आणि हसत हसत त्याने हात चांगला उंच केला.